रकाना एक, धंदे तीन



पऱ्हाटी-जोंधळ्याच्या मुलखातल्या माणसाला समुद्रकाठची गोष्ट कशाला सांगतोस, असे कोणी विचारील. विचारावेच. पण जी गोष्ट आपल्या दारात घडते ती आपल्याला दिसत नाही, परक्या गावात गेले की ती चटकन डोळ्यात भरते. माझे तसे झाले.

कृषी महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र डहाणूकडचा. त्याच्या घरी मध्यंतरी दोन दिवस राहिलो. डहाणूजवळच्या आगर गावात त्यांची वाडी आहे. आगर या शब्दाचा अर्थच तिकडे समुद्रकाठची नारळी-पोफळीची बागाईत. मीठ पिकवतात तेही आगरच, मिठागर. मित्राच्या वाडीत मधे चिकू आणि कडेकडेने नारळ. घोलवडचा चिकू तुम्ही ऐकून असाल, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. संध्याकाळी मित्राचे वडील झोपाळ्यावर बसले होते. शिरगणतीचा विषय निघाला. २०२१ ची मोजणी कोरोनामुळे राहिली. १६ जून २०२५ ला केंद्र सरकारने नवी अधिसूचना काढली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरली. म्हणजे माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. सोळा वर्षांनी मास्तर दारात येणार.

काका म्हणाले, "तू शेतीचं शिकलास, चळवळीत हिंडतोस. मला सांग, माझ्या नावापुढे धंदा काय लिहायचा?"

मी म्हणालो, "काका, चिकूपुरते तुम्ही शेतकरी. नारळापुरते नाही."

त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. २००१ आणि २०११ च्या शिरगणतीत शेतीची जी व्याख्या होती, तीत धान्य, कडधान्य, ऊस, तंबाखू, भुईमूग, कापूस, ताग, भाजीपाला, फळे, बागा हे सगळे बसते. बसत नाहीत ती पाच पिके: चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी. ही मळ्याची पिके. त्यात राबणारा माणूस 'इतर कामगार' या पेटीत जातो. त्या पेटीत मास्तर, कारकून, गिरणी कामगार, ड्रायव्हर, दुकानदार, पुजारी आणि राजकारणी असे सगळे एकत्र नांदतात.

काका म्हणाले, "एकाच विहिरीचं पाणी दोन्ही झाडांना, आणि मी अर्धाच शेतकरी होय?"

अर्धाही नाही. अर्धा लिहायची सोय नाही. रकाना एकच. ज्या कामात वर्षातला जास्त वेळ गेला ते काम लिहायचे. आणि गंमत अशी की १९६१ पासून १९९१ पर्यंत काकांचा चिकूसुद्धा शेतीत नव्हता. तेव्हा नऊ वर्ग होते आणि त्यातल्या तिसऱ्या वर्गात गुरेपालन, जंगल, मासेमारी, शिकार, मळे आणि फळबागा एकत्र बांधल्या होत्या. आपल्या वरूड-मोर्शीचा संत्रेवाला या हिशेबाने चाळीस वर्षे कोळ्याच्या आणि शिकाऱ्याच्या पंगतीला बसला होता, हे त्याला कोणी सांगितले होते काय? २००१ मध्ये नऊचे चार वर्ग झाले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. संत्रा आणि चिकू तेव्हा शेतीत आले. नारळ बाहेर राहिला. कोळी बांधवही 'इतर' मध्ये गेले. आगरच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर मासे मारणारा, नारळ उतरवणारा आणि स्टेशनवर रिक्षा चालवणारा हे तिघे शिरगणतीच्या गाववार तक्त्यात एकच. वाढवण बंदराला १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. या बंदराने किती जणांचे पोट हलणार, असे कोणी विचारले आणि शिरगणतीचा गाववार तक्ता उघडला तर त्यात 'इतर' एवढाच आकडा सापडेल.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येते. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर गेलो, तिथे हसू आले नाही.

तलासरी तालुक्यात दहातले नऊ लोक आदिवासी, वारली बहुसंख्य. पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट पडतो, पण सगळा चार महिन्यांत. डोंगरउतारावर भात, नागली, वरई. दिवाळीनंतर जमीन कोरडी ठाक. म्हणजे पाऊस जास्त असला तरी शेती आपल्यासारखीच एका पिकाची. ज्याच्या अंगणात बसलो होतो त्या भाऊंची दोन एकर खाचरे. जूनपासून कार्तिकापर्यंत नवरा-बायको शेतात. मधल्या रिकाम्या दिवसांत एखाद्या वाडीवाल्याकडे मजुरी. भात झोडून झाले की ठेकेदाराची उचल घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. शेजारच्या घरातली दोन पोरे वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात.

मी विचारले, "भाऊ, तुमचा धंदा काय?"

"शेती." दुसरा विचार नाही.

आता नियम लावा. शेतात साडेचार-पाच महिने, भट्टीवर सहा. वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेला तो 'मुख्य कामगार', तेव्हा भाऊ मुख्य कामगार खरे. पण जास्त वेळ कुठे गेला? विटांत. म्हणून धंदा 'इतर'. दोन एकर खाचर, बैलजोडी, कणगीतले बियाणे, बापजाद्यांची जमीन यातले काहीही कागदावर उमटत नाही. आणि मोजणी कधी? २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी. त्या काळात जो पूर्ण वेळ गावाबाहेर, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे. म्हणजे भाऊ पाड्यावरच्या घरात मोजलेच जात नाहीत. भट्टीवर कोणी कागद घेऊन आला तर तिथे विटा पाडणारे म्हणून मोजले जातात. नाही आला तर तेही नाही. त्यांच्या बायकोचे काय? भट्टीवर मजुरी हजार विटांवर आणि जोडीला मिळून. पैसे नवऱ्याच्या हाती. तिला धंदा विचारील कोण?

याच मुलखात १९४५ साली वारल्यांनी उठाव केला. गोदावरी परुळेकर तेव्हा पाड्यापाड्यांवर फिरत होत्या. जमीनदाराकडून लग्नापुरते कर्ज घ्यायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. त्यानंतर सहा वर्षांनी, १९५१ मध्ये, जी शिरगणती झाली ती मला आजवरच्या सगळ्यांत शहाणी वाटते. तिने शेतीवर जगणाऱ्यांचे चार वर्ग केले होते: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची जमीन कसणारे, शेतमजूर, आणि हाताला माती न लावता खंड खाणारे. जमीन कोणाची आणि घाम कोणाचा हे त्या तक्त्यात वेगवेगळे दिसत होते. पुढे १ एप्रिल १९५७ ला तिकडच्या कायद्याने कुळे मालक झाली असे मानले गेले, आणि १९६१ पासून मालक आणि कूळ एकाच 'शेतकरी' रकान्यात मिसळले. कायदा झाला म्हणजे प्रश्न संपला अशी दिल्लीची समजूत असावी. आज आपल्याकडे बटईने, ठोक्याने जमीन करणारे किती आहेत ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, शिरगणतीला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ.

बीड, परभणी, जालना भागातला कापूसवाला कोरडवाहू शेतकरी दसऱ्यानंतर काय करतो? मुकादमाची उचल घेतो आणि कोयता होतो. कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. पाच-सहा महिने ऊस तोडून परत येतो आणि मृगाला तिफण धरतो. याला तुम्ही काय म्हणाल? तो स्वतःला शेतकरी म्हणतो. नियम म्हणतो, दुसऱ्याच्या रानात मजुरीवर जास्त वेळ गेला, तो शेतमजूर.

हे एकट्यादुकट्याचे नाही. २००१ मध्ये देशात शेतकरी १२.७३ कोटी आणि शेतमजूर १०.६८ कोटी मोजले गेले. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. दहा वर्षांत पारडे फिरले. लगेच विद्वानांनी लिहायला सुरुवात केली की शेतकरी शेती सोडतो आहे, आता शेती कमी लोकांची राहिली. यात खरे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. जमिनीचे तुकडे झाले, विकल्या गेल्या, पोरे शहरात गेली, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्याच सुमारास, २०१०-११ मध्ये, सरकारनेच केलेली दुसरी गणना आहे, कृषिगणना. ती माणसे मोजत नाही, वहितीचे खातेदार मोजते. तिला देशात १३.८३ कोटी खाती सापडली. खाती पावणेचौदा कोटी आणि शेतकरी बारा कोटींच्या आत? एका खात्यावर निदान दोन माणसे राबतात. हिशेबाने शेतकरी खात्यांच्या दुप्पट हवेत. मग ते गेले कुठे? काही भट्टीवर सापडतील, काही फडात, काही एमआयडीसीच्या गेटवर. आणि फार मोठा हिस्सा घरातच सापडेल, चुलीपाशी.

इथे मला माझ्याच घरचे सांगितले पाहिजे.

२०११ च्या फेब्रुवारीत आमच्या ओट्यावर प्रगणक आले. शाळेचे मास्तर, ओळखीचे, भले माणूस. शाळा सांभाळून त्यांना शेकडो घरे करायची होती. मी तेव्हा नोकरी सोडून नुकताच घरी आलो होतो. वडील बसले होते, त्यांनी भराभरा सांगितले. वडील: शेती. मी: शेती. आईपाशी आल्यावर मास्तरांनी विचारलेदेखील नाही, स्वतःच म्हणाले, "घरकाम." वडील "हं" म्हणाले. आई त्या वेळी घरात नव्हती. शेवटच्या वेच्याचा कापूस वेचायला शेतात गेली होती.

मी तिथेच बसलो होतो. शेतीची पदवी खिशात. एक शब्द बोललो नाही. नंतर नियम वाचले तेव्हा लाज वाटली. त्या नियमात लिहिले आहे की घरच्या शेतावर बिनमजुरीने केलेले काम हे काम आहे. नुसती देखरेख केली, गड्यांना काय करायचे ते सांगितले, तरीही ती शेतीच. म्हणजे मी ओट्यावर बसून सल्ले देत होतो तो नियमाने शेतकरी ठरलो, ते बरोबरच होते. आई निंदणापासून वेचणीपर्यंत वाकलेली, तीही नियमाने शेतकरीच होती. शेतमजूरसुद्धा नाही, शेतकरी. नियमाने तिला नाकारले नव्हते. ओट्यावरच्या तीन पुरुषांनी नाकारले.

अर्थात नियमही नेहमी इतका भला नव्हता. १९६१ मध्ये हंगामात रोज तासभर नियमाने शेतात काम करणारी बाईदेखील कामकरी धरली होती. १९७१ मध्ये प्रश्न बदलला: तुझे मुख्य काम कोणते? बाई म्हणाली, किंवा तिच्या वतीने कोणी म्हणाले, घर. देशातल्या कामकरी स्त्रिया ५.९४ कोटींवरून ३.१३ कोटींवर आल्या. त्याच दहा वर्षांत शेतकऱ्यांचा आकडा ९.९६ कोटींवरून ७.८२ कोटींवर उतरला. दहा वर्षांत जवळजवळ तीन कोटी बायकांनी विळा खाली ठेवला असे कोणाला वाटत असेल त्याने आपल्या भागात जुलै महिन्यात एक चक्कर मारावी. बदलला तो प्रश्न. मग १९८१ मध्ये सहा महिन्यांचा दंडक आला, त्याहून कमी काम करणाऱ्यांना 'सीमांतिक कामगार' असे नाव मिळाले, आणि काही बायका परत कागदावर आल्या.

कोणी म्हणेल, कागदावर काय लिहिले त्याने पोटाला काय फरक पडतो? पडतो. आपल्या जखमेवरचेच उदाहरण देतो. शेतकरी आत्महत्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग छापतो. २०१३ चा आकडा ११,७७२. २०१४ साली त्यांनी रकाना फोडला, शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे. २०१४ चे शेतकरी ५,६५०. शेतकरी आत्महत्या निम्म्यावर आल्या म्हणायला जागा झाली. शेजारच्या रकान्यात शेतमजूर ६,७१०. बेरीज १२,३६०. माणसे कमी मेली नव्हती, वाढली होती. पोलीस ठाण्यात पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने फाशी घेतलेल्या माणसाचा धंदा काय लिहिला, एवढ्यावर हे झाले. जो सहा महिने मजुरीला जात होता आणि ज्याच्या घरी तीन एकर पऱ्हाटी होती, तो कुठल्या रकान्यात गेला असेल? आणि सातबारा बापाच्या नावावर, कर्ज सावकाराचे, मेला पोरगा, असे झाले तर मदतीच्या फाइलवर 'अपात्र' हा शिक्का आपण किती घरांत पाहिला आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. शिरगणती सातबारा मागत नाही. जमीन स्वतःची असो, सरकारकडून मिळालेली असो, पैशाने, धान्याने किंवा वाट्याने घेतलेली असो, कसतो तो शेतकरी. बटईदार शेतकरीच. उलट सारी जमीन वाट्याने देऊन तालुक्याला राहणारा, देखरेखही न करणारा मालक शेतकरी नाही. महसूल खात्याची व्याख्या बरोबर उलटी आहे: प्रधानमंत्री किसान योजनेचे सहा हजार सातबाऱ्याला मिळतात, कसणाऱ्याला नाही. एकाच देशात शेतकरी दोन. राष्ट्रीय शेतकरी धोरण २००७ मध्ये आले, डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगाच्या मागून. त्यात शेतकरी शब्दाचा अर्थ बटईदार, शेतमजूर, कोळी, वनोपज गोळा करणारे आदिवासी यांच्यापर्यंत रुंद केलेला आहे. ते धोरण कपाटात आहे.

मग काय करायचे? खोटे सांगा असे मी म्हणणार नाही. सहा महिने ऊस तोडला असेल तर तोडला म्हणून सांगा. आपली मागणी रकान्याची आहे. १९८१ आणि १९९१ च्या फॉर्मवर मुख्य धंद्याखेरीज दुसरे काम कोणते करता हा प्रश्न होता, २००१ पासून तो गेला. तो परत आणा, एवढेच. आता मोबाइलवर मोजणी होणार आहे, कागद वाचवायची सबब उरलेली नाही. शंभर कोटींवर माणसे मोजायची तर प्रश्न थोडके हवेत हे मलाही कळते. पण ज्या देशात कोरडवाहू माणूस दोन-तीन धंद्यांशिवाय जगूच शकत नाही, तिथे एकच धंदा विचारणे म्हणजे अर्धे उत्तर आधीच पुसून टाकणे आहे. जिल्हा बैठकीत हा ठराव यायला हवा आणि तो जनगणना आयुक्तांकडे जायला हवा, मोजणीला वेळ आहे तोवर.

दारातली गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. मास्तर येतील तेव्हा कारभाऱ्याने सगळ्यांच्या वतीने बोलू नये. बाईला स्वतः सांगू द्या. "धंदा काय" असे विचारले की बायका "काही नाही, घरीच" म्हणतात. म्हणून महिने मोजून ठेवा. आपला कापूस पेरणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंत १६० ते १८० दिवसांचा. त्याच्या आधी धसकटे वेचणे, नंतर पऱ्हाटी उपटणे, मधे तूर, सोंगणी, रब्बीचा जोंधळा असेल तर खुडणी. सहा महिने भरायला बाईला शेताबाहेर जावे लागत नाही. फडावर जाणाऱ्यांनी टोळीत एक लिहिता-वाचता माणूस नेमावा आणि फेब्रुवारीत तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन आमची झोपडी मोजा म्हणून सांगावे.

डहाणूहून परत आल्यावर मी आईपाशी बसलो आणि वही काढली. तिला सांगितले, जूनपासून सांग. ती हसली, म्हणाली, "सोळा वर्षांनी आठवण आली काय रे?" मग बोटांवर मोजायला लागली. सरकी टोबणे, पहिले निंदण, खत देणे, दुसरे निंदण, मूग तोडणे, राखण, वेचा पहिला, दुसरा, तिसरा, तूर सोंगणे, हरभऱ्याची भाजी खुडणे. फेब्रुवारीपर्यंत आली तेव्हा आठ महिने झाले होते. मी वही मिटत होतो, तर म्हणाली, "आणि म्हशीचं? ते धरतात का?"

धरतात. घरच्या चहापुरते दूध असले तरी ते काम, असे नियमात आहे. ते मी वहीत खाली लिहून घेतले: बारा महिने.